पाना, पकड आणि प्रपंच

आमच्या सुशिक्षित घरांत पुस्तकांचें कपाट असतें, औषधांचा डबा असतो, शिवणाची पेटी असते. परंतु हत्यारांची पेटी मात्र क्वचितच दृष्टीस पडते. खिळा ठोकावयाचा तर वरवंटा, रंगाच्या डब्याचें झांकण उघडावयाचें तर पेचकस आणि नट सैल करावयाचा तर जबडे न जुळणारी एक गंजकी पकड, एवढ्यावर पुष्कळ घरांचा कारभार चाललेला असतो. नळ गळूं लागला किंवा पंखा कुरकुरूं लागला कीं घरांतील कर्ते गृहस्थ "कोणाला तरी बोलावून आणा" असें सांगून पुन्हां वर्तमानपत्र उघडतात. तो 'कोणी तरी' आपल्या सवडीनें येतो, पांच मिनिटांचें काम करितो आणि पैसे घेऊन जातो. यांत त्याची कांहींच चूक नाहीं. त्याच्याजवळ हत्यार होतें आणि तें चालविण्याची विद्या होती. आपल्याजवळ दोहोंपैकीं एकही नव्हतें.

विद्या हळूहळू येते. परंतु हत्यार चांगलें नसेल तर ती येतच नाहीं; कारण वाईट हत्यारानें शिकूं पाहणारा मनुष्य पहिल्याच दिवशीं हात खरचटून घेतो आणि 'हें आपलें काम नव्हे' असा समज करून बसतो. साधारण ऐपतीच्या कुटुंबानें थोड्या पैशांत चांगलीं हत्यारें कशीं जमवावींत, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. आमचें सांगणें थोडक्यांत असें कीं, हत्यारें थोडीं घ्यावींत, एकेक करून घ्यावींत, परंतु घ्यावयाचीं तीं चांगलींच घ्यावींत.

एका गांवाचें उदाहरण

शहरांत हत्यार नसलें तरी निभावतें, कारण हांकेच्या अंतरावर कारागीर असतो. खेड्यांत तसें नसतें. म्हणून उदाहरणासाठीं आम्ही बुलढाणा जिल्ह्यांतील डोणगांव घेतों. मेहकर तालुक्यांतील हें मोठें गांव मेहकरहून मालेगांवकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. भोंवतालची जमीन काळी; खरिपाला सोयाबीन, तूर आणि कापूस, रब्बीला हरभरा आणि गहूं. अशा गांवांतील एखादें एकत्र कुटुंब वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. एक भाऊ शाळेंत शिक्षक, दुसरा तालुक्याला नोकरीस, तिसरा शेती पाहणारा. विहिरीवर विजेचा पंप, दारांत दोन मोटारसायकली, घरांत शिवणयंत्र, मिक्सर, पाणी चढविण्याची मोटर आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत ज्यावांचून घटका जात नाहीं तो कूलर.

शंभर वर्षांपूर्वीं अशा घरांत नट-बोल्ट शोधूनही फारसे सांपडले नसते. मोट, नांगर, बैलगाडी यांचें लांकूडकाम सुतार पाही, लोखंडकाम लोहार पाही आणि सुगीला दोघांना बलुतें मिळे. घरधन्यास स्वतः हत्यार बाळगण्याचें कारणच नव्हतें. आज त्याच घरांतील नट, बोल्ट आणि स्क्रू मोजूं लागल्यास दिवस पुरणार नाहीं. यंत्रें घरांत आलीं, पण यंत्रांना लागणारीं हत्यारें त्यांच्यामागून आलीं नाहींत. आणि आलीं तर बहुधा जत्रेंत किंवा रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या चकचकीत पेट्यांच्या रूपानें आलीं. खरा घात तेथेंच होतो.

स्वस्त पान्याची किंमत

समजा, पौष महिना आहे. हरभरा घाटे धरूं लागला आहे आणि त्यास एक पाणी हवें आहे. विजेची पाळी रात्रीची आहे. पंप सुरू करतांच नळाच्या फ्लँजमधून पाणी फुटतें. चार बोल्ट नीट आवळले कीं काम होण्यासारखें आहे. घरांत सहाशें रुपयांना घेतलेली चाळीस नगांची पेटी आहे. तींतील पाना नटावर चढवून जोर लावतांच त्याचे जबडे किंचित् फांकतात, पाना सटकतो, बोटाचीं पेरें लोखंडावर आपटतात आणि नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. आतां त्या नटावर चांगला पानाही बसणार नाहीं. सकाळीं छिन्नीनें नट फोडावा, नाहीं तर गॅसनें कापणाऱ्यास बोलवावें. नवे बोल्ट आणण्यास मेहकरला जावें. आणि तोंपर्यंत विजेची पाळी निघून गेलेली असते. 'अडला हरि' कोणाचे पाय धरितो, हें अशा वेळीं कळतें.

यांत खर्च काय झाला तो मांडून पाहावा. कापणाऱ्याची मजुरी, बोल्ट, जाण्यायेण्याचें पेट्रोल, बोटाला औषध, कदाचित् धनुर्वाताचें इंजेक्शन आणि सर्वांत मोठा म्हणजे पिकाचें चुकलेलें पाणी. पेटीचे सहाशें रुपये वांचले नाहींतच. त्यांच्यावर आणखी भर पडली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. त्याच सहाशें रुपयांत, त्याच बोल्टांना लागणारे दोन-चार चांगले पाने आले असते आणि ते नातवंडांच्याही उपयोगीं पडले असते.

नट गोल कां होतो, हें समजून घेतलें म्हणजे पारख करणें सोपें जातें. नटाला सहा बाजू असतात. उघड्या तोंडाचा पाना, ज्याला कारागीर फिक्स पाना म्हणतात, समोरासमोरच्या दोनच बाजू धरितो. त्याचें तोंड नेमकें असलें तर जोर बाजूंच्या बऱ्याच भागावर वांटला जातो. तें सैल असलें किंवा जोरानें फांकलें तर सगळा भार दोन कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे चेपतात. रिंग पाना सहाही कोपऱ्यांस एकाच वेळीं धरितो. म्हणून घट्ट बसलेला नट प्रथम रिंग पान्यानें सैल करावा आणि नंतर भराभर फिरविण्यास फिक्स पाना घ्यावा. फिक्स पान्याचें तोंड दांड्याशीं तिरकें असतें, तो तिरकेपणा बहुधा १५ अंशांचा असतो. अडचणीच्या जागीं पाना उलटासुलटा करून नट थोडा थोडा फिरवितां यावा, एवढ्यासाठींच ती योजना आहे.

पोलाद, घडण आणि पाणी

हत्याराचे गुण तीन गोष्टींवर अवलंबून असतात आणि दुर्दैवानें तिन्ही वरून दिसत नाहींत. पहिली गोष्ट पोलाद. चांगल्या पान्यांवर 'क्रोम व्हॅनेडियम' असें कोरलेलें असतें. पोलादांत या धातूंचें थोडेंसें प्रमाण मिसळलें कीं तें चिवट होतें आणि वारंवार पडणारा ताण सोसतें. १९०८ सालीं बाजारांत आलेल्या फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' मोटारींत व्हॅनेडियमयुक्त पोलाद वापरलें गेलें, तेव्हांपासून त्याची कीर्ति सामान्य लोकांपर्यंत पोंचली. परंतु अक्षरें कोणालाही कोरतां येतात. हलक्या मालावर हीं अक्षरें सर्वांत ठळक असतात. नांव मोठें आणि लक्षण खोटें असा तो प्रकार असतो.

दुसरी गोष्ट घडण. लाल तापविलेलें पोलाद सांच्यांत घालून यांत्रिक घणानें ठोकून जें हत्यार होतें तें घडीव. वितळलेलें लोखंड ओतून केलेलें तें ओतीव. पत्रा कापून केलेलें तिसरें. पाना घडीवच असावा. ओतीव पाना जोर पडतांच कांचेसारखा तुटतो आणि पत्र्याचा वांकतो.

तिसरी गोष्ट पाणी. विळ्याला किंवा कुऱ्हाडीला लोहार 'पाणी देतो' म्हणजे काय करितो, हें खेड्यांतील प्रत्येकास ठाऊक आहे. तापलेलें पातें पाण्यांत बुडवून तो कठीण करितो आणि नंतर बेतानें पुन्हां तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितो. पाणी कमी पडलें तर धार मुडपते. अधिक झालें तर टवका उडतो. कारखान्यांत हेंच काम उष्णता मोजून आणि तेलाच्या हौदांत करितात, एवढाच फरक. एकाच पोलादाच्या दोन पान्यांपैकीं एक वीस वर्षें टिकतो आणि दुसरा वीस दिवसांत फांकतो, त्याचें कारण बहुतेक वेळां हें पाणीच असतें. मोल द्यावयाचें तें या मेहनतीचें. वरच्या चकाकीचें नव्हे.

दुकानांत पारख कशी करावी

दुकानांत जातांना खिशांत एक नवा नट न्यावा. चौदाचा पाना घ्यावयाचा तर चौदाचा नट. पाना त्यावर हलकेच सरकला पाहिजे, पण डगमगतां कामा नये. दोन-तीन नग चढवून पाहावे. सर्व सारखेच बसले तर कारखान्याचें मोजमाप भरंवशाचें आहे असें समजावें. जबड्याच्या आंतील बाजू सपाट आणि एकमेकींस समांतर असाव्यात. कडांवर कलईचे फुगे किंवा पोपडे दिसले तर तो नग बाजूस ठेवावा. सुटलेली कलई बोट कापते.

पकड मिटून उजेडासमोर धरावी. तार कापण्याच्या धारांमधून उजेड दिसूं नये. खिळा सैल नसावा. पकड एका हातानें सहज उघडतां-मिटतां यावी आणि जबडे बाजूस हलूं नयेत. पेचकस टेबलाच्या कांचेवर लोळवावा. त्याची दांडी वांकडी असेल तर टोंक डुलतांना लागलींच दिसतें. टोंकाच्या कडा स्वच्छ आणि चौरस असाव्यात, गोलसर नसाव्यात. स्क्रू पान्याचा सरकता जबडा चाकीनें फिरवून पाहावा आणि मग हातानें हलवावा. फार खुळखुळत असेल तर घेऊं नये. हातोडीच्या दांड्याच्या लांकडाचे तंतु दांड्याच्या लांबीला धरून सरळ गेलेले असावेत. आडवे गेले असतील तर दांडा एके दिवशीं मोडतो आणि डोकें कोणाच्या तरी अंगावर जातें.

हातांत कानस असेल आणि दुकानदार ओळखीचा असेल तर हत्याराच्या न दिसणाऱ्या कडेवर ती एकदां घासून पाहावी. पान्यावर कानस खडूवर चालावी तशी सहज खाऊं लागली तर पाना मऊ आहे. प्रयासानें थोडेंसें खाल्लें तर बरोबर आहे. पकडीच्या धारेवर मात्र ती घसरली पाहिजे.

छापांकडेही पाहावें. १९४७ सालीं स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचें काम १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो चालवीत आहे. फिक्स पान्यांसाठीं आयएस २०२८, रिंग पान्यांसाठीं २०२९, पकडींसाठीं ३६५० आणि स्क्रू पान्यांसाठीं ६१४९ हीं मानकें आहेत. मालावर मानकचिन्ह असल्यास त्याबरोबरचा परवाना क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर पडताळून पाहतां येतो. ज्या वेष्टनावर करणाऱ्याचें नांव नाहीं, पत्ता नाहीं आणि किंमत नाहीं, तें उघडण्याचे श्रमही घेऊं नयेत.

एक इशारा येथें दिला पाहिजे. पकडीच्या दांड्यांवरील साधें प्लास्टिकचें आवरण हें हाताच्या सोयीसाठीं असतें. विजेपासून संरक्षणासाठीं नव्हे. विजेच्या कामाच्या हत्यारांवर १००० व्होल्टचा आंकडा आणि दुहेरी त्रिकोणाची खूण असते. तें हत्यार हातीं असलें तरीही पंपाचा मुख्य स्विच बंद केल्यावांचून आणि टेस्टरनें पाहिल्यावांचून कशालाही हात लावूं नये. शेतीच्या पंपाला येणारी तीन फेजची वीज चारशें व्होल्टांहून अधिक दाबाची असते. तेथें दुसरी संधि मिळत नाहीं.

संच घ्यावा कीं सुटीं हत्यारें?

मोठी पेटी पाहून मन भुलतें. चाळीस नग आणि किंमत एवढीच! परंतु त्या चाळिसांतील किती नग आपण वापरतों, हें मोजावें. साधारण घरांत आठ-दहाच नगांना वारंवार काम पडतें. बाकीचे पेटीची शोभा वाढवितात. म्हणून आम्ही सुटीं हत्यारें घेण्याच्या मताचे आहों. थेंबे थेंबे तळें सांचे, या न्यायानें घरखर्चांतून दरमहा चारशें रुपये बाजूला ठेवावे. वर्षाचे चार हजार आठशें होतात. तेवढ्यांत देशी बनावटीच्या उत्तम हत्यारांची एक लहानशी पेटी भरते.

क्रम असा असावा. प्रथम आठ इंची पकड, एक चपट्या आणि एक चौफुलीच्या टोंकाचा पेचकस आणि टेस्टर. घरांतील अर्धीं कामें यांनींच होतात. त्यानंतर १०-११, १२-१३, १४-१५ आणि १६-१७ हे चार फिक्स पाने आणि पुढें त्याच मापांचे रिंग पाने. मग दहा इंची स्क्रू पाना. मग अर्ध्या किलोची हातोडी आणि लोखंड कापण्याची करवत. आलन कीचा जुडगा, एक सपाट आणि एक गोल कानस हीं शेवटीं. गोटी पान्यांचा संच सर्वांत महाग. तो दुसऱ्या वर्षासाठीं राखून ठेवावा.

पाने घेण्यापूर्वीं आपल्या घरच्या यंत्रांचे नट मोजून पाहावे. यांत एक गंमत आहे. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला युरोपीय पद्धतींत १३ चें डोकें असतें, जपानी पद्धतींत १२ चें. दहा मिलिमीटरच्या बोल्टाला तिकडे १६ किंवा १७ चें, तर जपानी पद्धतींत १४ चें. म्हणून जपानी वळणाच्या मोटारसायकलीला १२ आणि १४ चे पाने लागतात आणि पंपाला १३, १७ आणि १९ चे. जपानी चौफुलीचे स्क्रूही किंचित् निराळ्या घडणीचे असतात. १९८५ सालीं आलेल्या 'हीरो होंडा'पासून आपल्याकडे घरोघर शिरलेल्या मोटारसायकलींवर तसे स्क्रू पुष्कळ आढळले. त्यांच्यावर साधा पेचकस उसळी मारून बाहेर येतो आणि चौफुली खराब करितो. पेचकस नीट दाबून धरून मगच फिरवावा, आणि टोंक झिजलें असल्यास तेथें वापरूंच नये.

जुन्या ट्रॅक्टरांच्या आणि इंजिनांच्या बाबतींत आणखी एक पेंच असतो. १८४१ सालीं इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यांनीं स्क्रूच्या आट्यांचें इंची माप ठरवून दिलें आणि पुढें इंची यंत्रांबरोबर इंची नट हिंदुस्थानभर आले. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं, तरी जुन्या यंत्रांवरील नट बदलले नाहींत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ चा पाना त्यावर चढतो आणि बसल्यासारखा वाटतो. पण तो तीन दशांश मिलिमीटरचा सैलपणाच नटाचा कोपरा खातो. घरीं असें एखादें जुनें यंत्र असेल तर त्याच्यापुरते दोन इंची पाने निराळे घ्यावे.

कोठें घ्यावींत?

चांगल्या हत्यारांसाठीं परदेशी मालच हवा, हा भ्रम आतां टाकून दिला पाहिजे. आपल्या महाराष्ट्रांतच नाशिक येथें टपारिया टूल्स या कारखान्यानें १९६९ सालीं एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानें हत्यारें बनविण्यास आरंभ केला आणि आज गांवोगांवच्या गॅरेजांत त्याचे पाने आणि पकडी दिसतात. स्वीडनचा या विद्येंतील लौकिक जुना आहे. आपण ज्याला स्क्रू पाना म्हणतों त्याच्या आजच्या रूपाचें पेटंट योहान पेटर योहानसन या स्वीडिश कारागिरानें १८९२ सालीं घेतलें. पंजाबांत जालंदर आणि लुधियाना, राजस्थानांत नागौर हीं हत्यारांचीं मोठीं केंद्रें आहेत. जालंदरला तर १९८३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनें या उद्योगासाठीं एक स्वतंत्र केंद्रीय संस्था निघाली. यांतील नांवाजलेल्या कारखान्यांचा माल परदेशी मालाच्या मानानें पुष्कळ स्वस्त असून घरगुती कामास पुरून उरतो.

डोणगांवच्या गृहस्थानें मेहकर, खामगांव किंवा अकोला येथें कामानिमित्त जाणें झालें म्हणजे हार्डवेअरच्या जुन्या, प्रतिष्ठित दुकानांत जावें. छापील किंमत ही शेवटची किंमत नव्हे. गॅरेजवाल्यांना तींत सूट मिळते, ती आपणही मागावी. संकोचण्याचें कारण नाहीं. बिल अवश्य घ्यावें, म्हणजे नग दोषी निघाल्यास बदलून मागतां येतो. मुंबईस गेल्यास नागदेवी रस्त्यावर हत्यारांचीं दुकानें ओळीनें लागलेलीं आहेत. तेथें एक फेरी मारली तरी भाव आणि प्रकार यांचें ज्ञान होतें. घरबसल्या मागवावयाचें असल्यास अनोळखी विक्रेत्याचा अति स्वस्त माल टाळावा आणि आलेला नग वर सांगितल्याप्रमाणें तपासून मगच ठेवून घ्यावा.

जुनीं हत्यारें हा काटकसरीचा आणखी एक उत्तम मार्ग आहे. पुण्याच्या जुन्या बाजारांत रविवारीं आणि बुधवारीं, किंवा कोणत्याही तालुक्याच्या भंगाराच्या दुकानांत, घडीव पोलादाचे गंजलेले पाने किलोच्या भावानें पडलेले असतात. गंज ही खोड नव्हे. तो रॉकेलांत भिजवून आणि तारेच्या ब्रशानें घासून निघतो. खोड ती निराळीच असते. फांकलेला जबडा, केसासारखी चीर, वेल्डिंगचें ठिगळ आणि छत्रीसारखें पसरलेलें हातोडीचें किंवा छिन्नीचें तोंड. अशा तोंडाचा टवका उडून डोळा गेल्याचीं उदाहरणें प्रत्येक कारागिरास ठाऊक असतात. जुनी ऐरण, वाईस आणि जाड पाने खुशाल घ्यावे. जुनी पकड आणि जुना पेचकस घेऊं नये.

काटकसर कोठें करावी आणि कोठें करूं नये

पेटीवर पैसे घालवूं नयेत. घरांतील जुनी पत्र्याची ट्रंक पुरते. हातोडीचा दांडा गांवचा सुतार बाभळीचा करून देतो, तो विकतच्याहून टिकाऊ असतो. छिन्नी, पोंच आणि पहार गांवच्या लोहाराकडून करून घ्यावींत. त्याचें पाणी अजून कोणत्याही कारखान्यास हार जाणारें नाहीं आणि त्याच्या भात्याला कामही मिळतें. परंतु ज्या हत्यारावर हाताचा पूर्ण जोर पडतो, म्हणजे पाने, पेचकस आणि आलन की, तेथें आणि डोळ्यांच्या चष्म्यांत काटकसर करूं नये.

करवतीच्या पात्याविषयीं दोन शब्द. सांगाडा साधा चालेल, पातें चांगलें हवें. इंचाला १८ दांत्यांचें पातें जाड लोखंडाला, २४ चें नळाला व अँगलला, ३२ चें पातळ पत्र्याला. दांते पुढें झुकलेले ठेवून पातें चढवावें आणि पुढें जातांनाच जोर द्यावा. एवढें कळलें तर एका पात्याचें काम तिप्पट होतें.

एकत्र कुटुंबांत जपणूक

हत्यार विकत घेणें सोपें, घरांत ठेवणें अवघड. धाकट्यानें नेलेली पकड गोठ्यांत सांपडते, शेजाऱ्यानें नेलेला पाना पुढल्या पिढीला सांपडतो. यावर उपाय एकच. भिंतीवर लांकडी फळी लावून प्रत्येक हत्याराची आकृति तीवर रंगानें काढावी. जागा रिकामी दिसली कीं घरांतील लहान मूलही विचारूं लागतें. शेजारधर्म मोडण्याचें कारण नाहीं; दाराशीं एक वही टांगावी आणि नेणाऱ्यानें तींत नांव लिहावें. लिहिलेलें नांव वस्तूला परत आणतें.

काम झाल्यावर हत्यार पुसून त्यावर तेलाचा हात फिरवावा. पावसाळ्यांत तें खताच्या पोत्यांजवळ कधींच ठेवूं नये. खताची ओल लोखंडाला चार दिवसांत खाते. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. त्या दिवशीं ओलें कुंकू लावून पुन्हां वर्षभर गंज चढूं द्यावा, ही कांहीं पूजा नव्हे. सर्व हत्यारें बाहेर काढावींत, यादी पडताळावी, गंज घासावा, तेल द्यावें, सैल दांडे घट्ट करावे, आणि मग कोरडें हळदकुंकू वाहावें. हा वार्षिक हिशेब झाला तर हत्यारें पिढ्यान्‌पिढ्या टिकतील.

आणि या कामाला मुलांबरोबर मुलींनाही बसवावें. शिवणयंत्राचा स्क्रू, कुकरच्या मुठीचा स्क्रू, कूलरच्या पंपाची तार हीं कामें ज्यांच्या हाताखालीं रोज असतात त्यांनाच पेचकस धरूं न देणें हा शहाणपणा नव्हे.

हातानें काम करणें हें शिकलेल्या माणसास शोभत नाहीं, असें मानणारीं घरें अजूनही आहेत. त्यांनीं लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे पाहावें. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं शिक्षकाची नोकरी केली. पण नांवारूपास आले ते १८८८ सालीं बेळगांवांत निघालेल्या सायकलच्या दुकानापासून. १९०३ सालीं त्यांनीं केलेला लोखंडी नांगर घेण्यास शेतकरी दोन वर्षें धजले नाहींत, तरी त्यांनीं हत्यार खालीं ठेवलें नाहीं. आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. प्रत्येक घरांतून कारखानदार निघावा असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु रात्रीच्या पाळीला पंप बंद पडला असतां घरांतील कोणी तरी कंदील आणि पेटी घेऊन विहिरीकडे निघावें, चार बोल्ट आवळून यावें आणि सकाळीं हरभऱ्याला पाणी पोंचलेलें दिसावें, एवढें तरी प्रत्येक घरास साधण्यासारखें आहे. त्यासाठीं या महिन्यांत एक चांगली पकड आणावी. पुढल्या महिन्याचें पुढल्या महिन्यांत पाहूं.